पंचा कोणाच्या कमरेला?

पवित्र गुरुवारी, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत, फादर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. त्या बारा जणांत बाबांचं नाव आलं त्या वर्षी मी दहा-अकरा वर्षांची असेन. आदल्या संध्याकाळी ते बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पायरीवर बसले आणि वजरीने टाचा घासायला लागले. केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीत जन्म गेलेल्या माणसाच्या टाचा त्या. भेगांत मुरलेली माती काही केल्या निघेना. आई म्हणाली, "पाय धुऊन घ्यायला जायचं, तर आधी पाय धुता कशाला?" बाबांनी मान वर न करता उत्तर दिलं, "मग काय फादरच्या हाताला चिखल लावू?"

दुसऱ्या दिवशी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरनी वरचा झगा उतरवला, कमरेला पांढराशुभ्र टॉवेल बांधला आणि ते एकेकापुढे गुडघे टेकत गेले. मागे दोन वेदीसेवक, एकाच्या हातात तांब्या, दुसऱ्याच्या हातात परात. उजवा पाय, थोडं कोमट पाणी, टॉवेल, पावलावर ओठ, की पुढचा माणूस. बाबा मान खाली घालून असे बसले होते, जणू त्यांची चोरी पकडली गेलीय. घरी आल्यावर एक शब्द बोलले नाहीत. विहिरीवर गेले आणि डावा पाय तेवढा धुऊन आले.

बाबांचं ते अवघडणं मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. आता वाटतं, त्या विधीत सगळ्यात खरं काही असेल तर तेच होतं. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र याचंही असंच होतं. येशू जेवणावरून उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला पंचा गुंडाळतो, भांड्यात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुवायला लागतो. पेत्र पाय मागे घेतो: माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. येशू सांगतो, धुऊ दिले नाहीस तर तुझा माझा संबंध नाही. त्यावर पेत्र लगेच दुसऱ्या टोकाला जातो, मग हात आणि डोकंही धुवा म्हणतो. धांदरट माणूस. पण त्याचं बिचकणं समजण्यासारखं आहे. त्या काळी घरी आलेल्याचे पाय धुणं हे गुलामाचं काम होतं, आणि एका जुन्या यहुदी भाष्यात तर म्हटलंय की यहुदी गुलामाला मालकाने हे काम सांगू नये. इतकं ते हलकं. गुरूने ते शिष्यासाठी करायचं म्हणजे घराची उतरंड उलटी करून ठेवणं.

आपल्या मुलखात पाय धुण्याची पद्धत काही कमी नाही. लग्नात मुलीचे आईबाप जावयाचे पाय धुतात. गुरूचे, महाराजांचे, पाहुण्या सत्पुरुषाचे पाय धुतले जातात, ते पाणी तीर्थ म्हणून घेतलं जातं. यात पाण्याची दिशा ठरलेली असते. धुणारा खालचा, ज्याचे धुतले जातात तो वरचा. सासऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा, तुला यात नम्र वाटतंय की लाचार. त्या रात्री यरुशलेममध्ये येशूने केलं ते एवढंच, की दिशा फिरवली. बाकी सगळं, पाणी, भांडं, पंचा, जुनंच होतं.

मला जे म्हणायचंय ते या दिशेबद्दल आहे. ख्रिस्ती श्रद्धेत नम्रता हा काही स्वभावाचा गोडवा नाही. हळू बोलणं, नजर खाली ठेवणं, 'आपली इच्छा' म्हणणं, यातलं काही त्या खोलीत घडलं नव्हतं. तिथे ज्याच्या हातात अधिकार होता तो वाकला. आणि आमच्या ख्रिस्तसभेत दोन हजार वर्षांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा सरळ करून ठेवली गेली आहे. नम्रतेचं प्रवचन बहुतेक वेळा वरून खाली येतं आणि नम्रता मात्र खालून वर मागितली जाते. वरच्यापुढे वाकायला येशूची गरज नाही. ते कुठल्याही कचेरीत शिकायला मिळतं.

दाखला म्हणून लांब जायचं कारण नाही, थेट व्हॅटिकनचंच घेऊ. २०१८ च्या मार्चमध्ये व्हॅटिकनच्या स्वतःच्या दैनिकाबरोबर निघणाऱ्या स्त्रियांच्या मासिकात धर्मभगिनींच्या फुकट किंवा जवळजवळ फुकट श्रमांवर लेख आला होता. पहाटे उठून कार्डिनलसाहेबांची न्याहारी करणाऱ्या, रात्री सगळं आवरल्यावर झोपणाऱ्या, कपडे इस्त्री करणाऱ्या सिस्टर. कामाचे तास ठरलेले नाहीत, करार नाही, आणि ज्या टेबलावर वाढायचं त्या टेबलाशी बसायला बोलावणं क्वचित. हे लिहिणारे चर्चचे विरोधक नव्हते, चर्चचंच छापील पान होतं. त्याआधी दोन वर्षं, २०१६ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मभगिनीसंघांच्या प्रमुखांसमोर सेवा आणि चाकरी यांतला फरक बोलून दाखवला होता. पोपांच्या बिरुदावलीत सहाव्या शतकातल्या थोरल्या ग्रेगरीपासून चालत आलेलं एक बिरुद आहे, 'देवाच्या दासांचा दास'. त्या दासाच्या आसपासच्या बंगल्यांतून खऱ्या दासी राबत होत्या, आणि त्यांच्या राबण्याला आम्ही निःस्वार्थ सेवा म्हणत होतो. 'निःस्वार्थ' हा शब्द दुसऱ्याने आपल्या कामाला लावला, की पगाराची चौकशी करायची, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय.

आमच्या धर्मग्रामातही, म्हणजे पॅरिशमध्ये, एक सिस्टर होत्या. शाळा संपली की सॅक्रिस्टीत, वेदीमागच्या तयारीच्या खोलीत, यायच्या. त्या गुरुवारचे बारा टॉवेल त्यांनीच धुऊन, इस्त्री करून, घडीवर घडी ठेवलेले असायचे. पाणी त्यांनीच तापवलेलं. विधी झाला की ओले टॉवेल बादलीत गोळा करून, पिळून मागच्या दोरीवर वाळत घालणंही त्यांच्याकडेच. परातीतलं पाणी त्या तुळशीला नाही, पण कढीपत्त्याच्या झाडाला घालायच्या, ते चांगलं आठवतं.

१९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी हा विधी गुरुवारच्या मिस्सात आणला तेव्हा नियमात शब्द होता 'निवडलेले पुरुष'. म्हणून बारा बाप्येच. योहानाचं शुभवर्तमान एक अध्याय मागे उलटलं तर काय दिसतं? यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी बेथानी गावात मरिया नावाच्या बाईने (येशूच्या आईने नव्हे) येशूच्या पायांना भारी सुगंधी तेल लावलं आणि आपल्या केसांनी ते पाय पुसले. शिष्य यहूदाने खर्चाचा हिशेब काढला. येशू म्हणाला, तिला असू द्या. आठवडा उलटायच्या आत तो स्वतः पंचा गुंडाळून खाली बसला. दोन प्रसंग एकाच लेखकाने शेजारी शेजारी ठेवलेत आणि दोन्हीत पुसण्यासाठी मूळ ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे. मी असं वाचते की गुरूने ही कृती एका बाईकडून उचलली. धर्मपंडित माझ्याशी वाद घालतील, घालोत. पण बाईने दाखवून दिलेल्या विधीत बाईचा पाय चालत नाही, ही गोष्ट साठ वर्षं कोणाला खटकली नाही, हे कसं?

२०१३ मध्ये, पोप होऊन दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच, फ्रान्सिस रोममधल्या कसाल देल मार्मो या अल्पवयीनांच्या तुरुंगात गेले आणि त्यांनी बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. नियम तेव्हा जुनाच होता. तो बदलला २०१६ च्या जानेवारीत. मी उत्साहाने आमच्या सिस्टरांना म्हटलं, आता पुढच्या वर्षी बारांत तुम्ही बसा. त्या तेव्हा सत्तरीला आलेल्या. हसल्या आणि म्हणाल्या, "मग पाणी कोण तापवणार?"

त्यांना गंमतच करायची होती. पण मला उत्तर सुचलं नाही, अजून नीटसं सुचलेलं नाही. पाय धुवायला फादर वर्षातून एकदा वाकतात तेव्हा चर्च भरलेलं असतं. वर्षभर पाणी तापवणाऱ्या हाताकडे कोणाचं लक्ष नसतं. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका, असं येशूने म्हटलं ते देणाऱ्याने, स्वतःच्या बाबतीत. दुसऱ्याचा उजवा हात काय करतोय ते आपल्याला कळू नये, असं तो कुठे म्हणाला?

नम्रता आणि आज्ञाधारकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीत कोणी जगून दाखवलं असेल तर पंडिता रमाबाईंनी. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांतून 'आजीबाई' म्हणत. प्रेम होतं, पण पत्रं वाचली तर भांडणच जास्त. आजीबाईंना रमाबाईंमध्ये गर्व दिसे. नवी ख्रिस्ती बाई, तिने धर्मगुरू सांगतील ते ऐकावं, तर ही त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर, प्रश्न विचारते, मांसाहार करत नाही, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला म्हणते. कोरायचीच असतील तर संस्कृत कोरा, लॅटिन ना मला कळत ना माझ्या देशातल्या लोकांना. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा माझ्या आईवडिलांनीही मला असं कधी अडवलं नव्हतं, या अर्थाचं त्यांनी खडसावून लिहिलं. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे खरी, पण धर्मगुरू किंवा बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही, ही त्यांची भूमिका होती.

आता हीच 'गर्विष्ठ' बाई पुढे काय करते पाहा. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढते, विधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्यात येतं. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ उठतो, 'केसरी' तुटून पडतो, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडतात. (सेवेच्या आडून धर्म वाढवता, हा आरोप तेव्हाचा आणि आजचाही. तो विचारणाऱ्यावर चिडणं हा नम्रतेचा पुरावा नव्हे. जेवण देऊन बदल्यात बाप्तिस्मा मागितला, तर ती सेवा नाही, सौदा आहे, हे ख्रिस्ती माणसाने आधी म्हटलं पाहिजे. पण उपाशी विधवेला घरात घेणारे दुसरे किती होते, हा प्रश्नही तितकाच जुना आहे.) मग दुष्काळ पडतो. १८९६-९७ मध्ये रमाबाई मध्य प्रांतात जातात, आणि अंगावर चिंध्या उरलेल्या, रोगाने खंगलेल्या मुली शेकड्यांनी घेऊन येतात. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावच्या उघड्या माळावर विहिरी खणल्या जातात, मळा उभा राहतो, 'मुक्ती' उभी राहते. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी वेगळं कृपासदन. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवण्यासाठी मुलगी मनोरमा आधी स्वतः ती लिपी शिकून येते.

केडगावातलं एक चित्र मला फार आवडतं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. साध्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत. छापखाना मुक्तीतलाच, आणि खिळे जुळवणाऱ्या बायकाही तिथल्याच. ज्यांना अक्षरओळख होणार नाही अशी ज्यांच्या घरच्यांची खात्री होती, त्या शिशाची उलटी अक्षरं एकेक वेचून ओळ लावत होत्या. संस्कृताची पंडिता खाली उतरून त्यांची भाषा घेते आणि त्यांना वर, छापखान्याच्या टेबलाशी, उभं करते. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, संपूर्ण ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये.

बिशपांपुढे ताठ आणि दुष्काळातल्या मुलीपुढे गुडघ्यावर. जेराल्डिनबाईंना पहिला अर्धा दिसला आणि त्याला त्यांनी गर्व म्हटलं. मला ते एकाच पाठीचे दोन अर्धे वाटतात. पहिला नसता तर दुसरा झालाच नसता. सांगतील तसं वागल्या असत्या तर रमाबाई इंग्लंडमधल्याच एखाद्या मठात कोपऱ्यात बसून राहिल्या असत्या, नम्र म्हणून नावाजल्या गेल्या असत्या.

यावर आमच्या ओळखीचे एक वयस्कर फादर म्हणतात, "बाय, आज्ञापालनाशिवाय संस्था चालत नाही. रात्रपाळीला कोण जाणार हे रोज वाद घालून ठरवायचं का?" मुद्दा खरा आहे. कुष्ठरोग्यांची इस्पितळं, अनाथाश्रम, आदिवासी पाड्यांतल्या शाळा या आज्ञेच्या व्रतावरच उभ्या राहिल्या. मदर तेरेसांचा दाखला ते देतात: १९४६ च्या सप्टेंबरात त्यांना दार्जिलिंगच्या गाडीत हाक ऐकू आली, पण लोरेटोचा मठ सोडून त्या बाहेर पडल्या १९४८ मध्ये, परवानगी आल्यावरच. जवळजवळ दोन वर्षं थांबल्या. मान्य. पण त्या दोन वर्षांत त्यांनी कलकत्त्याच्या आर्चबिशपांना पत्रांवर पत्रं लिहून भंडावून सोडलं होतं, हे फादर सांगत नाहीत. थांबल्या, पण गप्प बसल्या नाहीत.

आणि आज्ञापालनाचा सगळ्यात जुना गुरू घ्यायचा तर बेनेडिक्ट घ्या. सहाव्या शतकात त्याने मठासाठी लिहिलेल्या नियमावलीत आज्ञापालनावर भरपूर जोर आहे. पण त्यातच लिहिलंय की महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण देव पुष्कळदा धाकट्याला अधिक चांगलं सुचवतो. आणि स्वयंपाकघराचं प्रकरण तर वाचण्यासारखं आहे. आठवड्याची पाळी, आजारी किंवा फार महत्त्वाच्या कामात गुंतलेला सोडून कोणाची सुटका नाही. पाळी संपवणाऱ्याने शनिवारी सगळी झाडलोट करायची, ज्या पंचांना बंधू हातपाय पुसतात ते धुवायचे, मग नव्या पाळीवाल्याला सोबत घेऊन सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडी कोठारप्रमुखाकडे स्वच्छ, मोजून परत करायची. पंचे कोण धुणार, हे नियमात लिहिलेलं आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या इटालियन संन्याशाला जे सुचलं ते आमच्या सॅक्रिस्टीत अजून पोचायचंय.

दिशेचा प्रश्न महाराष्ट्रात आणखी एका जागी बोचतो. अहमदनगरकडच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, खेड्यांतून ज्या महार-मांग कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेतला, त्यांना वाकायला शिकायचं नव्हतं. वाकण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. त्यांना पाठ सरळ करायची होती. अशा माणसाला व्यासपीठावरून नम्रतेचे पाठ देणं म्हणजे थकलेल्याला व्यायाम सांगणं. भारतातल्या कॅथोलिक बिशपांनी २०१६ च्या डिसेंबरमध्ये दलित ख्रिस्ती लोकांबाबत धोरण जाहीर केलं, त्यात चर्चच्या आत जातिभेद चालतो आणि ते पाप आहे, हे स्पष्ट कबूल केलं. कबुली मोठी आहे. तिच्यात पंचा वरच्यांच्या कमरेला आहे, म्हणून ती मला ख्रिस्ती वाटते.

सेवेच्या फोटोंबद्दल मी फार लिहीत नाही. ब्लँकेट देताना देणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात आणि मागे बॅनर, हे सगळ्याच धर्मांचं एकसारखं झालंय. फक्त एवढंच सांगते, की ज्याचे पाय धुतले जातात त्याला कसं वाटतं हे त्या फोटोंत कधी दिसत नाही. बाबांनी आदल्या संध्याकाळी टाचा का घासल्या? घेणाऱ्यालाही आब असतो. दुसऱ्यापुढे आपली भेग उघडी पडू नये म्हणून तो धडपडतो. सेवा करणाऱ्याला ही धडपड दिसली नाही, तर तो कितीही खाली वाकला तरी वरच आहे.

मागणी म्हणाल तर माझी फार मोठी नाही. धर्मग्रामात आणि संस्थांत काम करणाऱ्या प्रत्येकाला, सिस्टरांसकट, कामाचे तास, सुटी, आजारपणाची सोय लेखी मिळावी. त्यातून कोणाला पगार संघाला द्यायचा असेल तर तो त्यांनी द्यावा. आधी मिळाला तरच देता येतो. पॅरिश कौन्सिलमध्ये सिस्टरांना मत असावं, नुसतं आमंत्रण नको. आणि गुरुवारी जे पाय धुतात त्यांनीच टॉवेल पिळावेत. फादर, आणि ज्यांचे पाय धुतले ते बाराही. अर्ध्या तासाचं काम आहे.

पोप फ्रान्सिस यांचा शेवटचा पवित्र गुरुवार १७ एप्रिल २०२५ चा. ते रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले होते, मोठ्या आजारातून उठलेले, खुर्चीवर. या वर्षी मला पाय धुणं जमणार नाही, पण तुमच्याजवळ यायचं होतं, असं कैद्यांना म्हणाले. चार दिवसांनी गेले. पाणी नाही, परात नाही, टॉवेल नाही. नुसतं जाऊन बसणं. विधीशिवायही ती गोष्ट होऊ शकते, हे त्या दिवशी दिसलं.

मी ही सूचना आमच्या कौन्सिलच्या बैठकीत मांडली. विषयपत्रिकेत 'आयत्या वेळचे विषय' या खाली. लेखी कराराचं नाव काढल्यावर दोघं-तिघं खिडकीबाहेर बघायला लागले. टॉवेलांच्या मुद्द्यावर सगळे हसले, फादरही हसले, चांगली सूचना आहे म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ. तेवढ्यात चहा आला. ट्रे सिस्टरांच्याच हातात होता, मी उठून तो घ्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "तू बस, तुझा विषय चाललाय." पुढची बैठक पावसाळा संपल्यावर आहे.